दुसऱ्याच्या पैशाचा अभ्यास : बँकिंग आणि जोखीम शिकताना समजलेल्या आठ गोष्टी

बँक मुख्यतः दुसऱ्यांच्या पैशावर चालते. कुणाची निवृत्तीची पुंजी, कुणी मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेली रक्कम, कुणा दुकानदाराचा रोजचा गल्ला हे सगळं एकत्र येतं आणि कर्ज म्हणून बाहेर पडतं. मुंबई विद्यापीठात एम.कॉम.ला मी बँकिंग आणि फायनान्स शिकले, पुढे एका बँकेच्या जोखीम विभागात रुजू झाले. आता सवड मिळेल तशी महाविद्यालयांत शिकवायलाही जाते. ‘मॅडम, या विषयात नेमकं काय पक्कं करायचं?’ असं मुलं विचारतात. त्यांना सांगते तेच इथे लिहिते आहे. सूत्रं पुस्तकात मिळतात. पण प्रत्येक सूत्राच्या टोकाला एक ठेवीदार उभा आहे, हे ज्याला दिसलं त्याला विषय समजला, असं माझं ठाम मत आहे.

१. आधी ताळेबंद, मग बाकी सगळं

ऑप्शन, स्वॅप, डेरिव्हेटिव्ह हे शब्द लवकर भुरळ घालतात. त्यांच्याकडे वळण्याआधी बँकेचा ताळेबंद वाचता यायला हवा. आपली ठेव हे बँकेचं देणं असतं आणि आपलं कर्ज ही बँकेची मालमत्ता. समजा, शंभर रुपयांच्या मालमत्तेमागे बँकेचं स्वतःचं भांडवल आठ रुपये आहे. कर्जातले आठ रुपये बुडाले की भागधारकांचं सगळं संपलं. बुडणारा नववा रुपया ठेवीदाराचा.

भांडवल पर्याप्ततेचा सगळा धडा या एका ओळीतून निघतो. रिझर्व्ह बँक व्यापारी बँकांकडून जोखीम-भारित (म्हणजे जोखमीनुसार कमी-जास्त वजन दिलेल्या) मालमत्तेच्या ९ टक्के भांडवल मागते आणि त्यावर अडीच टक्क्यांची राखीव भर घालायला लावते. नोव्हेंबर २०२३ मध्ये वैयक्तिक कर्जासारख्या ग्राहक कर्जांचा जोखीम-भार १०० वरून १२५ टक्के झाला. म्हणजे त्या प्रकारच्या शंभर रुपयांच्या कर्जामागे ९ रुपयांऐवजी ११ रुपये २५ पैसे भांडवल असणं आलं. असं परिपत्रक हातात पडलं की आधी कागदावर हा हिशेब मांडायची सवय लावा.

२. जोखमीची किंमत लावायला शिका

सगळं कर्ज वसूल होईल असं धरून कुणी बँक चालवत नाही. शंभर जणांना एकेक लाख दिले आणि त्यातले तिघं थकले. तारण विकून थकलेल्या रकमेतले ४० टक्के परत आले. तीन लाखांतले १ लाख ८० हजार गेले, म्हणजे एकूण कर्जाच्या १.८ टक्के. हा अपेक्षित तोटा व्याजदरात धरलेला असला पाहिजे. थकण्याची शक्यता, थकल्यावर बुडणारा हिस्सा आणि त्या वेळची येणे रक्कम या तिन्हींचा गुणाकार केला की हेच उत्तर येतं. अपेक्षित तोटा व्याजातून भरून निघतो. अनपेक्षित तोट्यासाठी भांडवल असतं. हा फरक ज्याला नीट सांगता येतो, त्याला मुलाखतीत पुढचे अर्धे प्रश्न सोपे जातात.

३. सरासरीवर विसंबू नका

वरच्या उदाहरणात एक मोठं गृहीतक लपलेलं आहे : तिघं थकले तरी बाकीचे ९७ ठणठणीत आहेत. मी तासगाव भागातली. आमच्याकडे गावोगावच्या विकास सोसायट्यांचं पीककर्ज द्राक्षबागांवर असतं. फळछाटणीनंतर अवकाळी पाऊस लागून राहिला की डाऊनी हा बुरशीचा रोग एका बागेत थांबत नाही. त्या वर्षी थकबाकी एका घरातून येत नाही, अख्ख्या शिवारातून येते. कर्जदार शंभर असले तरी जोखीम एकच असते. वर्गात सहसंबंध हा शब्द ऐकला तेव्हा मला आमचं शिवार आठवलं आणि त्यातलं गणित तिथेच उलगडलं.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेची गोष्ट याच धड्यातली. तिच्या कर्जाचा ७० टक्क्यांहून अधिक हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे गेला होता आणि हजारो बनावट खात्यांआड तो लपवला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला स्वतःच्या खात्यातून सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. म्हणून कर्जदार किती, याच्या आधी ते एकमेकांपासून वेगळे किती, हे तपासा.

४. ‘पैसे कधी मागितले जातील?’ हा प्रश्न विसरू नका

मालमत्ता चांगली असूनही बँक बुडू शकते. सात टक्के व्याजाचा, दहा वर्षं मुदतीचा शंभर रुपयांचा रोखा घ्या. बाजारातला दर आठ टक्के झाला की त्याची किंमत ९३ रुपये २९ पैशांवर येते. मुदतीपर्यंत थांबता आलं तर शंभर मिळणारच आहेत. पण ठेवीदार थांबेलच असं नाही.

अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेकडे दीर्घ मुदतीचे, पत उत्तम असलेले रोखे होते. व्याजदर चढले, रोख्यांच्या किमती उतरल्या आणि ९ मार्च २०२३ या एका दिवसात ठेवीदारांनी सुमारे ४२ अब्ज डॉलर काढायला मागितले. दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. आपल्याकडे आयएल अँड एफएस समूहाचा पैसा वर्षानुवर्षं चालणाऱ्या रस्ते आणि पायाभूत प्रकल्पांत अडकलेला होता आणि कर्जं मात्र त्याहून फार आधी फेडायची होती. २०१८ च्या सप्टेंबरात हप्ते चुकले. त्याच्या काही आठवडे आधीपर्यंत समूहाच्या मुख्य कंपनीचं पतमानांकन सर्वोच्च होतं. मालमत्ता आणि देणी यांच्या मुदतींचा तक्ता स्वतःच्या हातानं एकदा तरी बनवा. तो बनवताना जे कळतं ते नुसत्या व्याख्यानातून कळत नाही.

५. नियम पाठ करण्याआधी त्याची जन्मकथा वाचा

बासेल हा प्रकरणाचा मथळा म्हणून कोरडा वाटतो. जर्मनीतली हरस्टाट बँक २६ जून १९७४ रोजी बंद केली गेली. तोवर समोरच्या बँकांनी तिला मार्क देऊन टाकले होते आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांना मिळायचे डॉलर मात्र अडकले, कारण तिथला कामकाजाचा दिवस पुरता व्हायचा होता. त्याच वर्षअखेरीस बँकांवरच्या देखरेखीसाठी बासेल समिती स्थापन झाली.

आपल्याकडे १९६० साली पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या. त्या धक्क्यातून १९६२ मध्ये ठेव विमा आला. तेव्हा संरक्षण होतं प्रत्येक ठेवीदाराला दीड हजार रुपयांचं. १९९३ पासून एक लाखावर थांबलेली ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाली. एकेका आकड्यामागे बंद शटरसमोर ताटकळलेली माणसं आहेत, हे कळलं की नियम पाठ करावा लागत नाही, लक्षात राहतो.

६. मेकर आणि चेकर यांना कमी लेखू नका

परिचालन जोखीम हे प्रकरण विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्रीवर ढकलतात. बँकांची राखरांगोळी मात्र अनेकदा इथेच झाली आहे. १७६२ पासून चालत आलेली लंडनची बेअरिंग्ज बँक १९९५ मध्ये सिंगापूरच्या एका ट्रेडरमुळे बुडाली. सौदे करणं आणि त्यांची नोंद तपासणं ही दोन्ही कामं निक लीसनच्याच हाती होती. तोटा ८२ कोटी पौंडांच्या पुढे गेला आणि बँक एका पौंडाला विकली गेली. २०१८ मध्ये उघडकीला आलेल्या पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणात हमीपत्रांचे संदेश स्विफ्टवरून जात राहिले आणि बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत त्यांची नोंदच होत नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं ती तपासून मंजूर करायची, ही साधी शिस्त प्रामाणिकपणे पाळणारा कारकून कुठल्याही गुंतागुंतीच्या मॉडेलइतकाच मोलाचा असतो.

७. मॉडेलला उलट प्रश्न विचारा

लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या अमेरिकी फंडात मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन होते. दोघांना १९९७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. १९९८ मध्ये रशियानं देणी थांबवली, वेगवेगळे वाटणारे बाजार एकाच दिशेनं कोसळले आणि फंडाला वाचवायला न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हला मोठ्या बँकांना एकत्र बसवावं लागलं. ‘९९ टक्के दिवसांत तोटा याहून जास्त होणार नाही’ असं मॉडेल म्हणालं, की उरलेल्या एका दिवशी काय होईल आणि ते सोसायला आपल्याकडे काय आहे, हे विचारा. संख्याशास्त्र पक्कं असेल तरच हा प्रश्न धीटपणे विचारता येतो. म्हणून त्या विषयात काटकसर करू नका.

८. नकारही नीट देता आला पाहिजे

जोखीम शिकलेल्या माणसाच्या हातात ‘नाही’ म्हणण्याचं बळ येतं. ते जपून वापरायला हवं. ज्याला बँक परत पाठवते, तो गरज भागवायला सावकाराच्या दारात जातो आणि जोखीम होती तशीच राहून व्याज मात्र कितीतरी वाढतं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटानं १९६९ मध्ये बँकांनी एकेका प्रदेशाची जबाबदारी उचलावी, असा विचार मांडला आणि त्या डिसेंबरात अग्रणी बँक योजना सुरू झाली. ठेवीदाराचा पैसा सुरक्षित ठेवणं आणि तो गरजू, होतकरू माणसापर्यंत पोचवणं ही दोन्ही बँकेचीच कामं आहेत. एकासाठी दुसरं सोडून दिलं तर बँक असण्याचा उपयोगच उरत नाही.

म्हणून वर्गात बसणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे : कुठल्याही एका बँकेचा वार्षिक अहवाल निवडा. त्यातली थकीत कर्जं, तरतुदी आणि बासेल प्रकटनांची पानं शिक्षण पुरं होईपर्यंत दरवर्षी वाचा. मग आपल्या गावातल्या एखाद्या कर्जदाराशी बोला. कर्ज का मिळालं नाही आणि काय बदललं तर मिळेल, हे त्याला त्याच्या भाषेत, आकडे मांडून सांगता आलं पाहिजे. तेवढं येईपर्यंत शिकत राहा.