चपळ कुटुंबगाडी : निगा आणि फेरबदल

१. एकाच मोटारीकडून दोन अपेक्षा

आठवड्याचा बाजार, मुलांची शाळा व सुट्टीतला प्रवास ही कुटुंबाच्या मोटारीची नित्याची कामे होत. वळणावळणाचा रस्ता चपळाईने कापणे हे त्याहून निराळे काम आहे. ही दोन्ही कामे एकाच मोटारीने करावीत, ही कल्पना १९७० नंतरच्या दशकात युरोपात रुजली. तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीची गोल्फ जी. टी. आय. ही मोटार होय.

मूळ गोल्फ १९७४ साली विक्रीस आली. तिची आकृती इटालियन रेखनकार ज्योर्जेत्तो ज्युजारो यांची होती. इंजिन पुढे आडवे बसविलेले, ओढ पुढील चाकांना, आणि मागील दार काचेसह वर उघडणारे, अशी तिची रचना होती. अशा मोटारीस हॅचबॅक म्हणतात. मागील आसन दुमडले की तिच्यात मोठे सामानही सहज मावते. ह्याच साध्या मोटारीवरून कंपनीच्या काही अभियंत्यांनी एक वेगवान आवृत्ती तयार केली. ती सप्टेंबर १९७५ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात मांडण्यात आली व १९७६ मध्ये विक्रीस आली. पाच हजार गाड्या खपाव्यात असा आरंभीचा अंदाज होता. प्रत्यक्षात पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या.

ह्या मोटारीत नेमके काय बदलले होते? १९७४ च्या गोल्फमधील अधिक शक्तिमान इंजिन ७० अश्वशक्तीचे होते. जी. टी. आय. चे १६०० घन सेंटीमीटरचे इंजिन ११० अश्वशक्तीचे होते. परंतु अभियंते तेथे थांबले नाहीत. पुढील ब्रेकच्या तबकड्यांत हवा खेळण्यासाठी पोकळी ठेवण्यात आली. मोटारीची उंची थोडी कमी केली गेली. वळणावर तिचे कलणे रोखणारे पोलादी दांडे बसविले गेले आणि टायरही रुंद झाले. शक्ती वाढविताना ती आवरण्याची साधनेही त्याच प्रमाणात वाढविली गेली. अशा मोटारीच्या प्रत्येक मालकाने हे सूत्र ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

२. वेग आणि उष्णता

चालत्या मोटारीत गतिज ऊर्जा साठलेली असते व ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ही ऊर्जा चौपट होते. माणसांसह एक हजार किलो वस्तुमानाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने जात आहे, असे समजा. तिच्यात सुमारे ३८६ किलोज्यूल ऊर्जा असते. एवढ्या ऊर्जेने एक लिटर थंड पाणी उकळीपर्यंत तापेल. मोटार थांबविताना ही बहुतेक सर्व ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, आणि तीही अवघ्या काही सेकंदांत. वेग ताशी १४० किलोमीटर असेल तर उष्णता जवळजवळ दुप्पट होते.

ब्रेकचा जोर पायाकडून चाकाकडे पोचविणाऱ्या द्रवास व्यवहारात ब्रेक ऑइल म्हणतात. हा द्रव हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेतो. डॉट ४ ह्या प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या द्रवासाठी मात्र ही मर्यादा १५५ अंश इतकी खाली येते. घाटाच्या उतारावर ब्रेक पुन्हापुन्हा दाबले गेले, तर असा जुना द्रव उकळू लागतो व त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे पेडल तळापर्यंत जाते, पण ब्रेक लागत नाहीत. म्हणूनच गाडी वापरात कमी असली, तरी हा द्रव साधारण दोन वर्षांनी बदलण्याची शिफारस केली जाते.

३. निगा : दोष कोठे, लक्षण कोठे

पहिल्या जी. टी. आय. मध्ये कार्ब्युरेटर नव्हता. पेट्रोल फवारणारी के-जेट्रॉनिक ही बॉश कंपनीची यंत्रणा तिच्यात होती. आत शिरणारी हवा एक गोल तबकडी उचलते. तबकडी जितकी उचलली जाते, तितका एक बारीक दट्ट्या वर सरकतो व त्या प्रमाणात पेट्रोल चारही सिलिंडरांकडे जाते. हवेचे मोजमाप आणि पेट्रोलचे वाटप ही दोन्ही कामे अशा रीतीने यांत्रिक साधनांनीच होतात.

आता समजा, तबकडी आणि इंजिन यांच्यामधील रबरी नळी जुनी होऊन तडकली. त्या फटीतून शिरलेल्या हवेचे मोजमाप होत नाही. हवा अधिक, पेट्रोल कमी, असे मिश्रण तयार होते आणि इंजिन अडखळू लागते. घाईचा मालक पेट्रोल वाढविण्याचा स्क्रू पिळतो. इंजिन काही काळ सुधारल्यासारखे वाटते, पण तडा वाढतच राहतो. पुढे नळी बदलली, तरी बिघडविलेले प्रमाण तसेच राहते. एका दोषाचे असे दोन दोष होतात.

दुसरे उदाहरण गंजाचे आहे. पहिल्या पिढीच्या गोल्फमध्ये पेट्रोल भरण्याची पोलादी नळी मागील चाकाजवळ असल्याने तिच्यावर चिखलपाणी उडे. नळीला आतून गंज चढला की त्याचे कण टाकीत पडतात. तेथून ते पेट्रोलबरोबर पुढे सरकतात आणि अचूक मापाच्या त्या दट्ट्यास घातक ठरतात. गंज एकीकडे लागतो आणि लक्षण दुसरीकडे, बॉनेटखाली, दिसते. म्हणून लक्षण दिसताच भाग बदलणे योग्य नव्हे. कारणाचा माग काढीत मुळापर्यंत जाणे हीच निगेची शास्त्रीय रीत होय.

नित्याच्या निगेत टायरचे स्थान फार वरचे आहे. प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढाच भाग रस्त्याला टेकलेला असतो. चालकाचा सारा भरवसा अशा चार तुकड्यांवर असतो. टायर थंड असताना हवा तपासावी. खाचांची झीज पाहावी. रबर किती जुने आहे तेही पाहावे. टायरच्या कडेवरील चार अंकी आकड्यात निर्मितीचा आठवडा व वर्ष दिलेले असते.

४. फेरबदलांचा क्रम

मोटार अधिक चपळ व्हावी, ही इच्छा गैर नाही. जी. टी. आय. चा जन्मच तशा इच्छेतून झाला. प्रश्न क्रमाचा आहे. अनेक मालक इंजिनापासून आरंभ करतात. सुज्ञ मालक प्रथम मूळ मोटार निर्दोष करतो, मग टायर व ब्रेक यांच्याकडे वळतो, नंतर स्प्रिंग व शॉकअब्सॉर्बर पाहतो आणि इंजिनाला शेवटी हात लावतो.

स्प्रिंगच्या बाबतीत एक गैरसमज रूढ आहे. गाडी जितकी खाली, तितकी ती वळणावर स्थिर, असे मानले जाते. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर बाहेरील चाकांकडे सरकणारा भार कमी होतो, हे खरे आहे. परंतु वळणावर मोटार एका काल्पनिक केंद्राभोवती कलते. ते केंद्र आणि गुरुत्वमध्य यांतील अंतर ही त्या कलण्याची तरफ होय. गोल्फच्या पुढील चाकांच्या रचनेत मोटार फार खाली आणल्यास हे केंद्र गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली जाते. तरफ लांबते, आणि उंचीने कमी झालेली गाडी पूर्वीपेक्षा अधिक कलू पाहते. स्प्रिंगचे वेढे कापून उंची कमी करणे तर सर्वस्वी त्याज्य आहे. वेढे कमी झाले की स्प्रिंग ताठर होते व मूळचा शॉकअब्सॉर्बर तिला आवरू शकत नाही. खड्ड्यावरून चाक लोंबकळले असता आखूड स्प्रिंग आपल्या जागेवरून सुटण्याचीही भीती असते.

५. कायद्याची बाजू

जर्मनीत नव्या खासगी मोटारीची तपासणी तीन वर्षांनी व त्यानंतर दर दोन वर्षांनी होते. फेरबदलामुळे धोका संभवत असेल, किंवा धूर वा आवाज वाढत असेल, तर मोटारीचा रस्त्यावर चालविण्याचा परवाना रद्द ठरतो. म्हणून तेथील मालक फेरबदल तज्ज्ञाकडून तपासून घेतात व आवश्यक तेथे त्यांची नोंद कागदपत्रांत करवितात.

भारतात पुण्याजवळील चाकण येथे ह्याच कंपनीची पोलो ही लहान हॅचबॅक २०२२ पर्यंत तयार होत होती. २०१३ साली तिची १.२ लिटर टर्बो इंजिनाची १०५ अश्वशक्तीची आवृत्ती निघाली. अशा इंजिनाची शक्ती संगणकीय आज्ञावली बदलून स्क्रूलाही हात न लावता वाढविता येते. काम सोपे असले, तरी वाढीव उष्णता व ताण इंजिन, क्लच आणि ब्रेक यांनाच सोसावे लागतात. उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलांत तफावत पडेल असा फेरबदल करण्यास मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमाने मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अनधिकृत फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मोटार ही सुट्या भागांची बेरीज नसून त्यांचा समतोल आहे. एका भागाला दिलेली वाढ इतर भागांकडून काही मागत असते. ती मागणी ओळखून पुरी करतो तो मोटारीचा खरा जाणकार. जो ती ओळखत नाही, त्याला तिची किंमत एखाद्या वळणावर चुकवावी लागते, आणि ती त्याच्या शेजारी व मागे बसलेल्या माणसांनाही भोगावी लागते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मोटारीचा वेग ताशी ४० किलोमीटरवरून ८० किलोमीटर झाला, तर थांबविताना ब्रेकमध्ये निर्माण होणारी उष्णता किती पट होईल?
२. ब्रेकच्या द्रवात वाफ झाल्यास पेडल मऊ का लागते?
३. घरातील एखाद्या यंत्राचे असे उदाहरण शोधा की ज्यात दोष एका जागी असून लक्षण दुसऱ्या जागी दिसते.