सामायिक कागदावरची तुमच्या लेकराची ओळ

आठवी, नववी, दहावीच्या आई-बाबांनो,

दिवाळीची सुटी संपून शाळा भरल्या की प्रकल्पांचे दिवस येतात आणि घराघरांत तोच संवाद सुरू होतो. "पुन्हा मोबाइल?" "अगं आई, अभ्यासच करतोय. गुगल डॉक्सवर ग्रुपचं काम आहे." तुम्हाला ते खरं वाटत नाही, मुलाला ते पटवून देता येत नाही. नागपुरातल्या माध्यमिक शाळेत शिकवणारी एक बाई म्हणून आज याविषयी तुमच्याशी बोलावंसं वाटतं.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि आपण घाईघाईनं ऑनलाइन झालो. तेव्हा मुलांच्या वाट्याला बहुतेक ऐकणंच आलं. आता मी सांगते आहे ते काम निराळं. चार-पाच मुलं आपापल्या घरून गुगल डॉक्सवरचा एकच सामायिक कागद उघडतात, त्यात लिहितात, एकमेकांच्या ओळीशेजारी शंका टाकतात, उत्तर देतात. कोणी आकडे भरतं, कोणी ते तपासतं.

अशा प्रकल्पासाठी आपल्याच शहराचं उदाहरण घ्या. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आपण कोणीच विसरलेलो नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घरांत शिरलं, मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. हा विषय एका मुलाच्या वहीत मावणार नाही. कॉर्पोरेशन कॉलनीतली मुलगी शेजाऱ्यांना विचारून भिंतीवर पाणी कुठवर चढलं ते लिहील. वाडीकडे राहणारा मुलगा नदीच्या वरच्या अंगाला काय दिसतं ते टिपेल, पारडीकडचा खालच्या अंगाचं सांगेल. एक जण पावसाचे आकडे तक्त्यात मांडेल. मग कोणाच्या तरी लक्षात येईल की दोन घरांनी सांगितलेली पाणी शिरल्याची वेळ जुळत नाही. खरी कोणती? पुन्हा कोणाला विचारायचं? शोध तिथून सुरू होतो, आणि तो एकट्यानं बसून होत नाही.

तुमची एक तक्रार मला ठाऊक आहे: "सगळं आमच्या पोरीनं केलं आणि गुण सगळ्यांना मिळाले." चार्टपेपरच्या दिवसांत याचा निवाडा करणं शिक्षकालाही जड जायचं. सामायिक कागदात 'आवृत्ती इतिहास' असतो. कोणी कधी काय लिहिलं, काय खोडलं, हे त्यात नावासकट दिसतं. मात्र तो मुलांना पकडण्यासाठी उघडू नका. ज्याची ओळ दिसत नाही त्याला हिणवण्याआधी त्याच्या घरचा मोबाइल रात्री नऊला बाबांबरोबर घरी येतो का, हे विचारायला आपल्या मुलाला शिकवा. कोणी लिहायला कचरत असेल तर तो मराठीत बोलून टंकू शकतो. दोघं एका फोनवर शेजारी बसूनही काम करू शकतात.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं. या कागदावर मुलाला दुसऱ्याच्या लिखाणाला हात लावता येतो, म्हणूनच तो कसा लावावा हे शिकावं लागतं. मैत्रिणीचा परिच्छेद न विचारता खोडायचा, की शेजारी "हा आकडा कुठून घेतला?" असं लिहायचं? मराठी विकिपीडिया 2003 पासून याच रीतीवर उभा आहे. तिथं प्रत्येक लेखामागे इतिहासाचं आणि चर्चेचं पान असतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असताना रणजितसिंह डिसले यांनी तर भारत-पाकिस्तानसारख्या तणाव असलेल्या देशांमधल्या मुलांना ऑनलाइन एकमेकांशी बोलतं केलं. 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वाटून घेणं शिकवणारा माणूस स्वतः वाटून देतो, हे आपल्या मुलांना जरूर सांगा.

आता तुमच्याकडून काही हवं आहे.

मुलाच्या नावानं तुम्ही लिहू नका. तुमचं वाक्य सरस असेल, पण ते त्या कागदावर आलं की बाकीच्या चौघांना आपलं लिखाण फिकं वाटतं आणि तुमच्या मुलाला स्वतःचं. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून आयता परिच्छेद उचलून आणला तरी तेच घडतं. वाक्य मोडकं असू द्या, ते त्याचं असू द्या.

वेळ ठरवा. गटानं मिळून रात्री साडेनऊची सीमा घालावी. त्यानंतर टिप्पण्या सकाळी वाचाव्यात.

कागदाची लिंक फक्त गटाला आणि शिक्षकांना उघडेल अशीच ठेवायला सांगा. घरचा पत्ता, फोन नंबर, पूरग्रस्त शेजाऱ्याचं नाव किंवा फोटो त्यात नको. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. तेव्हा कोणतं ॲप, कोणाचं खातं, काम संपल्यावर कागदाचं काय होणार, हे शाळेला बेधडक विचारा. आम्हाला त्याचा राग येत नाही, उलट आधार वाटतो. गटात कोणी कोणाची टिंगल केली किंवा अनोळखी माणूस शिरला, तर मुलानं आधी तुमच्याकडे यावं, इतका विश्वास घरात हवा. मोबाइल काढून घेण्याची भीती असेल तर तो येणार नाही. अडचणीतल्या मुलांसाठी 1098 आणि ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी 1930 हे क्रमांक घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या.

आणि आज जेवणं झाली की मुलाशेजारी बसा. "किती झालं?" असं न विचारता "यातली तुझी ओळ कोणती, आणि कोणाच्या ओळीनं तुझं मत बदललं?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे असेल तर तो काम करतो आहे. दुसऱ्याचंही असेल, तर तो चार माणसांत राहायला शिकतो आहे. दहावीच्या गुणपत्रिकेत या शिकण्याला रकाना नाही, म्हणून त्याची दखल तुम्ही-आम्हीच घ्यायची आहे.