सर्व्हर : जुना घ्यावा की जुळवून घ्यावा?

शाळेतील वा ग्रामपंचायतीतील अनेक संगणकांचे दप्तर एका ठिकाणी सांभाळणाऱ्या यंत्रास सर्व्हर म्हणतात. धाराशिव जिल्ह्यातील बेंबळीसारख्या गावी तो घ्यावयाचा झाल्यास दोन मार्ग संभवतात : मोठ्या कार्यालयाने काढून टाकलेला, रॅकमध्ये बसणारा सर्व्हर विकत घेणे, अथवा सुटे भाग आणून नवा जुळविणे.

हा प्रश्न जुनाच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० मध्ये ‘टिफ्रॅक’ संगणक स्वतः उभारला. त्याच दशकात आयबीएम कंपनी वापरलेली १४०१ यंत्रे दुरुस्त करून भारतात भाड्याने देत असे. १९७८ मध्ये ती देशातून गेली, तेव्हा देखभालीचा भार कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीस उचलावा लागला. खरेदीइतकीच दुरुस्तीची सोयही महत्त्वाची, हा त्यातील धडा होय.

जुन्या सर्व्हरची बांधणी भक्कम असते. त्यात बहुधा दोन पॉवर सप्लाय असतात. परंतु पंख्यांचा आवाज मोठा असतो आणि बरेच सुटे भाग त्याच बनावटीचे लागतात. विजेचाही हिशेब पाहावा. १५० वॅटचे यंत्र अहोरात्र चालल्यास ३० दिवसांत १०८ युनिट वीज लागते. ५० वॅटच्या यंत्रास ३६.

म्हणून स्वतंत्र खोली व सुटे भाग यांची खात्री असेल तरच जुना सर्व्हर घ्यावा; एरवी जुळविलेला बरा. मात्र कोणताही घेतला तरी हार्ड डिस्क नव्या असाव्यात आणि दप्तराची एक प्रत अन्यत्र ठेवावी.