परसातील कोंबड्याचा स्वभाव

परसात दहा-बारा कोंबड्या असल्या तर त्यांच्यात वाढलेला कोंबडा बहुधा एकच असतो. अंड्यांतून नरपिल्ले काही कमी निघत नाहीत. एका खुडूक कोंबडीखाली एकवीस दिवस उबवलेल्या अंड्यांतून निघालेल्या पिलांपैकी सुमारे निम्मी नरच असतात. परंतु ती पाच-सहा महिन्यांची होताच एकेक करून बाजारात जातात आणि आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर पुरेसा, या हिशेबाने एकच मागे राहतो. तो कोणता असावा याचा निर्णय आपल्या देशात बहुतेक ठिकाणी घरातील स्त्री घेते. वजनदार पक्ष्याला दाम चांगला मिळतो म्हणून तोच पुष्कळदा आधी विकला जातो व पुढच्या पिढीचे पितृत्व उरलेल्याकडे येते. त्याचा स्वभाव कसा आहे, याची चौकशी तर तो अंगणात खेळणाऱ्या एखाद्या मुलाच्या तोंडावर झेपावल्यानंतरच होते. या झेपेत पायामागील टोकदार काट्यांनी डोळाही जाऊ शकतो, हे लक्षात घेता ही चौकशी आधीच झालेली बरी.

कोंबड्याचा स्वभाव समजून घ्यायचा तर त्याचा मूळ पुरुष पाहिला पाहिजे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. हिमालयाच्या पायथ्याशी, ईशान्य भारतात व मध्य भारताच्या पूर्वेकडील सालवनांत तो आजही आढळतो. दक्षिणेकडील करड्या रानकोंबड्याचाही वाटा या वंशात आहे. पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळेपणा त्याच्याकडून आल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. रानात नराला दोन कामे असतात : इतर नरांना दूर ठेवणे आणि आपल्या माद्यांवर लक्ष ठेवणे. परसातला कोंबडा तीच दोन कामे करीत असतो. फरक इतकाच, की परसात ‘इतर नर’ या सदरात कधी कधी माणूसही मोडतो.

कळपात श्रेणी असते, ही गोष्ट नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२२ साली शास्त्रीय स्वरूपात मांडली. लहानपणापासून कोंबड्या न्याहाळण्याचा त्यांना छंद होता. कोण कोणाला टोचतो आणि कोण निमूटपणे टोचून घेतो, याची नोंद ठेवता ठेवता त्यांच्या ध्यानात आले, की हे भांडण सैरावैरा चाललेले नसून त्यात ठरलेला क्रम आहे. नरांचा क्रम निराळा, माद्यांचा निराळा. एकदा क्रम ठरला म्हणजे मारामारी कमी होते, नुसत्या नजरेने वा मान उंचावून काम भागते. पक्षी एकमेकांना मुख्यतः डोक्यावरून व तुऱ्यावरून ओळखतात. त्यामुळे नवा पक्षी सोडल्यास अथवा जुना काढल्यास सारी व्यवस्था पुन्हा मोडते व काही दिवस रक्त निघते.

नराच्या या वृत्तीचे मूळ कोठे आहे? १८४९ साली गटिंगेन येथे आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी सहा तरुण नरांवर एक प्रयोग केला. ज्यांची वृषणे काढून टाकली, त्यांचे तुरे खुरटले आणि आरवणे व झुंजणेही मंदावले. मात्र ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवले, ते इतर नरांसारखेच तुरेबाज व भांडखोर झाले. रक्तावाटे काही द्रव्य देहभर जाते, याचा तो आरंभीचा पुरावा होय. तेव्हा कोंबडा वयात येताच अचानक ‘बिघडला’ असे जे म्हटले जाते, त्यात बिघाड असा काही नसतो.

आता दुसरी बाजू. चांगला कोंबडा दाणा अथवा किडा दिसताच तो एकटा गिळून टाकीत नाही. चोचीने उचलतो, खाली टाकतो आणि भराभर ‘टुक् टुक्’ असा आवाज करून माद्यांना बोलावतो. त्या आल्या की स्वतः बाजूला उभा राहतो. (कोंबडी दूर असली तर खाण्याजोगे काही नसतानाही तो ही साद घालतो, असेही आढळले आहे, तेव्हा त्याच्या औदार्याचे फार गोडवे गाऊ नयेत.) संकटाच्या वेळी त्याचे आवाज दोन प्रकारचे असतात. वर घार दिसली तर एक बारीक, लांबट शीळ. ती ऐकताच माद्या झुडपाखाली धावतात किंवा जागीच दबून बसतात. मुंगूस वा कुत्रे जमिनीवरून आले तर मोठ्याने तुटक कलकलाट. तेव्हा माद्या माना ताठ करून चौफेर पाहू लागतात. एकट्या असलेल्या नरापेक्षा मादी जवळ असलेला नर घारीची सूचना अधिक वेळा देतो.

म्हणूनच भांडखोरपणा आणि राखणदारी यांची गल्लत करू नये. असील जातीत ती स्पष्ट दिसते. हे नाव अरबी असून त्याचा अर्थ शुद्ध वंशाचा असा. आपल्या ‘अस्सल’ शब्दाचा तो सखाच. आंध्र प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या झुंजीसाठी निवड होऊन ही जात घडली. दोन असील नर एका खुराड्यात ठेवता येत नाहीत. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने करमणुकीसाठी प्राण्यांना झुंजवणे गुन्हा ठरवले असले, तरी संक्रांतीच्या दिवसांत गोदावरीकाठी आणि बस्तरच्या आठवडी बाजारांत झुंजी व्हायच्या त्या होतच आल्या. मात्र नरांशी एवढा हाडवैर धरणारा हा पक्षी पाळणाऱ्याच्या हातात पुष्कळदा शांत बसतो.

माणसावर धावून येणारा नर बहुधा दुसऱ्याच तऱ्हेने तयार होतो. एकटा, हातावर खेळवून वाढवलेला नर माणसाला आपल्याच जातीचा समजू लागतो आणि वयात आल्यावर त्याच्याशी श्रेणी ठरवू पाहतो, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. तो प्रथम एक पंख खाली सोडून तिरपा चालतो, मानेची पिसे फुलवतो, मग झेपावतो. अशा वेळी लाथ मारणे म्हणजे त्याचे आव्हान स्वीकारणे होय. तो पुन्हा येतो. पळणेही तितकेच घातक, कारण पळणारा हरला. जागीच उभे राहून टोपली वा फळी मध्ये धरावी, धावपळ न करता कामे उरकावीत आणि लहान मुलांना त्याच्या वाटेत एकटे सोडू नये. एवढे करूनही त्याची खोड गेली नाही, तर त्याची अंडी उबवू नयेत. हा गुण काही अंशी वंशातूनही येतो. निवडीसाठी दोन-तीन नर वर्षभर राखणे परवडत असेल, तर दाणा टाकल्यावर कोण माद्यांना बोलावतो आणि कोण त्यांना हुसकावतो, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

आरवण्यातही हा क्रम पाळला जातो. नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की पहाटे प्रथम आरवतो तो श्रेणीत वरचा नर. खालचे त्याच्यानंतर क्रमाने आरवतात. वरच्याला गटातून काढले, की दुसऱ्या क्रमांकाचा नर आरवण्यास आरंभ करतो. दोन नर असलेल्या घरी बाजारच्या आदल्या पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या ऐकले, तर उद्या टोपलीत कोणाला घालायचे आणि कोणाला राखायचे याचा थोडासा अंदाज तेथेच येऊ शकतो.