मक्यावरील लष्करी अळी : जीवनक्रम आणि पिकाची हानी

भात आणि गहू यांच्यानंतर मका हे भारतातील तिसरे महत्त्वाचे तृणधान्य होय. अन्नाबरोबरच कुक्कुटखाद्य, स्टार्च आणि इथेनॉल यांसाठीही त्याचा वापर होतो. या पिकाला अमेरिकन लष्करी अळीने मोठे आव्हान दिले आहे. अमेरिका खंडातील ही कीड २०१६ मध्ये आफ्रिकेत आढळली. भारतात तिची पहिली नोंद २०१८ मध्ये कर्नाटकात झाली आणि २०१९ मध्ये मिझोरममधील मक्याचेही तिने मोठे नुकसान केले.

अंडी, अळी, कोष व पतंग अशा चार अवस्थांतून या किडीचा जीवनक्रम पूर्ण होतो. उष्ण हवामानात त्यास सुमारे एक महिना लागतो.

अंडी : मादी पानांवर पुंजक्यांनी अंडी घालते. एका पुंजक्यात साधारणतः १०० ते २०० अंडी असतात. दोन-तीन दिवसांत ती उबतात.

अळी : पिकाची हानी केवळ याच अवस्थेत होते. लहान अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडतात. त्यामुळे पानांवर पांढुरके, पारदर्शक चट्टे पडतात. वाढलेली अळी पोंग्यात शिरून पाने कुरतडते. तेथे भुशासारखी विष्ठा साचते. पुढे तुरा व कणीसही तिच्या भक्ष्यस्थानी पडते. अळीच्या सहा अवस्थांपैकी अखेरच्या अवस्थांतच ती सर्वाधिक खाते.

कोष व पतंग : पूर्ण वाढलेली अळी जमिनीत कोषावस्थेत जाते. त्यातून बाहेर पडणारा निशाचर पतंग एका रात्रीत सुमारे १०० किलोमीटर अंतर कापू शकतो. या किडीला सुप्तावस्था नसल्याने अनुकूल हवामानात व खाद्य उपलब्ध असल्यास तिच्या पिढ्या वर्षभर चालू राहतात.

नियंत्रणाची दिशा या जीवनक्रमातूनच स्पष्ट होते. खोल नांगरटीमुळे कोष उघडे पडतात व पक्षी ते टिपतात. कामगंध सापळे पतंगांच्या आगमनाची सूचना देतात. अंडीपुंज वेचून नष्ट करता येतात. ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक अंड्यांतच किडीचा नाश करतो. निंबोळी अर्क लहान अळ्यांवर उपयुक्त ठरतो. पोंग्यात दडलेल्या मोठ्या अळीपर्यंत मात्र फवारणी नीट पोहोचत नाही आणि शेतकऱ्याचा खर्च वाया जातो. फाटलेली पाने नजरेस येईपर्यंत नियंत्रणाचा योग्य काळ बहुधा उलटलेला असतो. म्हणूनच उगवणीपासून पिकाचे नियमित निरीक्षण हाच एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा पाया ठरतो.