वेढ्यात घेतलेले शेत

शास्त्रवाचन : यिर्मया ३२:१-२७, एज्रा २:२३

संकटात सापडलेल्या बंधुभगिनींना भेटावयास गेलो की आपल्या तोंडून एक वाक्य सहज निघते : "देवावर भरवसा ठेवा, सर्व काही ठीक होईल." यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग बोलण्याचा अधिकार मात्र आपल्याला कोणी दिला? ज्या घरातला कर्ता माणूस गेला, ज्या आईचे मूल बरे झाले नाही, तेथे हे वाक्य दिलासा देत नाही. उलट ऐकणाऱ्याला वाटते, आपलाच विश्वास कोठे तरी कमी पडला. म्हणून ख्रिस्ती आशा म्हणजे काय, हे आपण यिर्मयाच्या एका व्यवहारावरून पाहू या.

सिद्कीया राजाचे ते दहावे वर्ष होते. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा दिला होता. नगर पडणार असे यिर्मयाने स्पष्ट सांगितले होते, आणि त्याबद्दलच तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल आला व म्हणाला, अनाथोथ येथील माझे शेत तू विकत घे. अनाथोथ हे गाव यरुशलेमेच्या अगदी जवळ. सगळ्या मुलखात शत्रू पसरलेला असताना तेथील शेताला कोण किंमत देईल? तरी यिर्मयाने सतरा शेकेल रुपे तोलून दिले, साक्षीदारांसमक्ष खरेदीखत केले, त्यावर मोहोर केली आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून बारुखाला मातीच्या पात्रात ठेवावयास सांगितले.

या व्यवहारातून आपण तीन गोष्टी शिकतो.

पहिली, यिर्मयाने संकट नाकारले नाही. नगर वाचेल असे तो शेत घेतानाही म्हणाला नाही. आशा म्हणजे वाईट बातमीकडे डोळे मिटणे नव्हे.

दुसरी, आज्ञापालन आधी झाले, उलगडा मागून. खत बारुखाच्या हाती दिल्यावर यिर्मयाने प्रार्थना केली, आणि तिच्या शेवटी त्याच्या मनातला गोंधळ उघड झाला : नगर तर हातचे जात आहे, मग हे शेत कशासाठी? देवाने या प्रश्नाबद्दल त्याला झिडकारले नाही, उत्तर दिले. देवापुढे प्रश्न घेऊन जाणे हा अविश्वास नव्हे. प्रश्न असूनही त्याच्याकडेच जाणे, हाच विश्वास.

आपल्या हुबळीनेही कठीण काळ पाहिला आहे. १८९८ साली येथे प्लेगची भयंकर साथ आली. डॉ. हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस तेव्हा जेमतेम एक वर्षाची होती आणि लोकांच्या मनात तिची भीती होती. तरी त्या वर्षी हुबळीत तीस हजारांहून अधिक लोकांनी ती टोचून घेतली. साथ ओसरण्याची वाट न पाहता त्यांनी हात पुढे केला. प्रार्थना करावी आणि औषधही घ्यावे; ही दोन्ही एकाच देवाची दाने आहेत. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत उपासनामंदिरे बंद होती, तेव्हा आपणही हा धडा पुन्हा शिकलो.

पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्याला परके नाही. १८५८ साली याच कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. तरुणपणीच दुष्काळाच्या दिवसांत त्यांचे आईवडील व बहीण गेली. पुढे भाऊ गेला, आणि १८८२ साली पतीही गेले. त्या दुःखांचे कारण त्यांना कोणी समजावून दिले नव्हते. त्यांनी केडगाव येथे जमीन घेतली ती आपल्या शाळेला फळबागेचे उत्पन्न मिळावे म्हणून. नंतर १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्यप्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रिया आणल्या, आणि पुण्यात प्लेगमुळे अडचण आली तेव्हा तीच जमीन त्यांचा आसरा झाली. जिने भूक सोसली होती, तिच्याच शेतावर भुकेल्यांना घर मिळाले. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमाबाई मरण पावली, तरी रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या प्रभूकडे गेल्या.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. यिर्मयाला त्या शेताचे पीक खावयास मिळाले नाही. त्याला लोकांनी मिसर देशात नेले. परंतु एज्राच्या दुसऱ्या अध्यायात बंदिवासातून परत आलेल्यांची यादी आहे. नुसती नावे व आकडे असल्यामुळे आपण ती भराभर वाचून जातो. तिच्यात तेविसावे वचन पाहा : अनाथोथचे लोक, एकशे अठ्ठावीस. यिर्मयाच्या गावी माणसे परतली होती! आपण पेरलेले आपल्यालाच कापावयास मिळेल असे वचन नाही. पेरणे वाया जाणार नाही, असे आहे.

म्हणून पुढच्या वेळी दुःखी घरी जाल तेव्हा "सर्व ठीक होईल" असे म्हणू नका. त्यांच्याजवळ बसा. त्यांचे प्रश्न ऐकून घ्या. मुलांची फी, दवाखान्याची खेप, संध्याकाळचे जेवण, यांपैकी जे हातून होईल ते करा. वेढा उठण्यापूर्वी घेतलेले तेच आपले शेत होय.

शब्बाथ शाळेच्या वर्गासाठी प्रश्न
१. यिर्मयाने खरेदीखत मातीच्या पात्रात का ठेवविले?
२. देवाला विचारण्यास आपण भितो असा प्रश्न कोणता?
३. आपल्या मंडळीतील कोणत्या घरी या आठवड्यात आपण जाऊ, आणि काय घेऊन जाऊ?