मुलीला मानसशास्त्र शिकायचंय? कॉलेजला आधी हे पाच प्रश्न विचारा

मैत्रिणींनो, बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत शिक्षणासाठी कर्ज मागणाऱ्या ताया वाढतात. एखादीची लेक म्हणते, "मला जैव-मानसशास्त्र शिकायचंय." आईला विषयच ठाऊक नसतो. मग कॉलेज निवडायचं कसं? चला, समजून घेऊ.

विषय काय आहे? परीक्षेच्या आधी छाती धडधडते, काळजीने झोप उडते. त्या वेळी मेंदूत, नसांमध्ये आणि शरीरातल्या संप्रेरकांत काय घडतं, याचा अभ्यास म्हणजे जैव-मानसशास्त्र. आपल्याकडे पदवीला बहुतेक ठिकाणी तो वेगळा अभ्यासक्रम नसतो, मानसशास्त्राच्या पदवीतला एक भाग असतो. म्हणून कॉलेज शोधताना 'मानसशास्त्र' हा विषय बघा.

कॉलेजात विचारायचे प्रश्न

१. तिन्ही वर्षं मानसशास्त्र मुख्य विषय म्हणून घेता येतो का? काही ठिकाणी तो नुसता जोडविषय असतो.

२. जैव-मानसशास्त्राचा पेपर आहे का? छापील अभ्यासक्रम मागा. प्रयोगशाळा डोळ्यांनी बघा.

३. या विषयाचे कायम शिक्षक किती?

४. कॉलेज कोणत्या विद्यापीठाला जोडलेलं आहे? वाशिम जिल्हा १९८३ साली स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात येतो. बाहेरचं नाव सांगितलं, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर बोगस विद्यापीठांची यादी असते, ती तपासा.

५. फी, वसतिगृह, मेस, प्रवास धरून वर्षाचा खर्च किती? लेखी घ्या.

इथे फसू नका

"घरी बसून मानसशास्त्राची पदवी" अशी जाहिरात दिसली तर थांबा. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राचे नवे प्रवेश देऊ नयेत, असं आयोगाने सांगितलं आहे.

मुलींच्या फीमाफीचा राज्याचा २०२४ चा निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. बी.ए.ला तो लागेलच असं धरून चालू नका. कोणती शिष्यवृत्ती मिळेल, हे कॉलेजच्या कार्यालयात विचारून महाडीबीटीवर अर्ज भरा.

पुढे काय?

नुसत्या बी.ए.वर मुलगी रुग्ण तपासणारी मानसतज्ज्ञ होत नाही. त्यासाठी पुढचं शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. औषध लिहून देणारे मनोविकारतज्ज्ञ वेगळे, ते आधी एम.बी.बी.एस. होतात. म्हणजे हा रस्ता तीन वर्षांत संपणारा नाही. पण गरज मोठी आहे. शेतकरी आत्महत्यांचं दुःख आपल्या भागाने जवळून पाहिलंय. आपल्या भाषेत धीर देणारी, शिकलेली पोर गावाला हवीच आहे. (मन फार जड झालं तर आजही १४४१६ या टेली-मानसच्या मोफत नंबरवर बोलता येतं.)

हिशोब मांडा

गटातून ५०,००० रुपये महिना १ टक्का व्याजाने घेतले, तर पहिल्या महिन्याचं व्याजच ५०० रुपये. म्हणून पूर्ण रक्कम एकदम उचलू नका. जेवढी फी भरायची, तेवढंच कर्ज घ्या.

बैठकीत करा : शिक्षणकर्जाच्या अर्जासोबत या पाच प्रश्नांची उत्तरं लिहून मागा. ती वाचून दाखवा, मगच ठराव करा. आणि बैठकीला मुलीलाही बोलवा. शिकायचं तिला आहे, तिचं म्हणणं आधी ऐका.